जन्मांध मुलाला 'काळा-गोरा' कसं समजावायचं?

मेथीपराठा
नमस्कार मंडळी, वाचनमात्र असते नेहमी, लिहायची पहिलीच वेळ. विषय जरा विचित्र आहे, कुठल्या गटात टाकावा कळेना, ॲडमिननी हलवला तरी चालेल.

आम्ही अमेरिकेत रॅली शहराजवळ राहतो, नॉर्थ कॅरोलिना. मुलगा ९ वर्षांचा. सव्विसाव्या आठवड्यातच झाला, डोळ्यांचा पडदा नीट तयार झालाच नाही (आरओपी म्हणतात, फार लवकर झालेल्या बाळांना होतं), त्याला उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. बाकी एकदम खटपट्या. शाळा सगळ्यांचीच, ब्रेल शिकवायला एक बाई येतात आणि आठवड्यातून दोनदा पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायला मोबिलिटीचे सर येतात. सरांवर त्याचा इतका जीव आहे की घरी सुद्धा सरांसारखं घसा खाकरून बोलतो.

तर हे सर काळे आहेत. आम्ही त्याला कधी सांगितलं नाही, सांगायचं असं काही मनातच आलं नाही.

सध्या सासूबाई आल्यात नाशिकहून सहा महिन्यांसाठी. मागच्या मंगळवारी सर घरी आले होते, आमच्याच गल्लीतला रस्ता ओलांडायचा सराव होता. ते गेल्यावर सासूबाई मला किचनमधे म्हणाल्या, "हा काळा माणूस रोज त्याचा हात धरून नेतो होय गं?" आता त्यांना वाटलं पोरगं वर आहे. पोरगं जिन्यात बसलेलं. रात्री झोपताना मला विचारतो, आई, सर काळे आहेत म्हणजे काय, आणि ते म्हणताना आजीचा आवाज खाली का गेला?

मी म्हटलं काही नाही रे, स्किनचा कलर असतो एकेकाचा. तर म्हणे ते मला माहित्ये, पण मग आवाज का खाली गेला. आणि पुढे त्याने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. शिकवताना सर त्याच्या मागून वीसेक फुटांवर चालतात, म्हणजे तो एकटाच चालतोय असं त्याला वाटावं म्हणून. गेल्या महिन्यात कोणीतरी गाडी थांबवून सरांना विचारलं की तुम्ही या मुलाच्या मागे का चालताय. तेव्हा म्हणे सरांचा आवाज बदलला, "एकदम टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागले, सर असं कधीच नाही बोलत". तर त्याचं लॉजिक असं की आजीचा आवाज बदलला, सरांचाही बदलला, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच कशाच्या तरी आहेत.

मी लाईट बंद करून तशीच बसले बराच वेळ. ज्याला रंग म्हणजे काय हेच माहीत नाही त्याला हे सांगायचं कसं? आणि सांगायचं का? तसाच राहिला तर काय बिघडलं, असंही एकदा वाटलं. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

सुखी_माणूस
ताई तुमचा मुलगा नशीबवान आहे हो. ज्या गोष्टीपायी जगात एवढी भांडणं ती त्याला दिसतच नाही. सगळेच असे झाले तर किती बरं होईल. काही सांगू नका, निरागस राहू दे.

पांढरीकाठी_पुणे
सुखी माणूस, तुमचा सदरा जरा बाजूला ठेवा आणि ऐका. मी स्वतः जन्मांध आहे, वय ४१, बँकेत नोकरी, हे सगळं स्क्रीन रीडर लावून टाईप करतोय त्यामुळे चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

"अंध माणसाला भेदभाव कळत नाही" हे वाक्य मी आयुष्यात निदान हजार वेळा ऐकलं असेल, आणि म्हणणारा दर वेळी डोळसच असतो. मी अंधशाळेच्या हॉस्टेलवर पहिल्या रात्री गेलो तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या पोराने नाव विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाला पूर्ण सांग. आम्ही दोघंही सात वर्षांचे, दोघांनाही काही दिसत नाही, आणि त्याला आडनाव हवं होतं. त्याला कुणी शिकवलं असेल? आडनाव नाही सांगितलं तरी चालतं म्हणा, 'पाणी' म्हणतो का 'पानी' म्हणतो एवढ्यावर काम भागतं. आमच्या वर्गात 'न' म्हणणाऱ्या पोरांची नक्कल व्हायची आणि ती करण्यात मी पुढे असायचो, आता लाज वाटते.

रंगाचं म्हणाल तर 'गोरा' हा शब्द मला लहानपणी सायीसारखा वाटायचा. आजी म्हणायची "अमकीची सून सायीसारखी गोरी", आणि साय मला माहीत होती, गार, मऊ, बोटाला चिकटते. तेव्हा गोरी माणसं अशीच लागत असणार हातांना. काळा म्हणजे तव्याच्या बुडाची काजळी, हात लावला की आई ओरडायची, "काळं झालं ना सगळं!". बघा, रंग एकही दिसला नाही पण कुठला चांगला आणि कुठला वाईट हे पाचव्या वर्षी पाठ. आमच्या अंधांच्या वधू-वर मेळाव्याला एकदा येऊन बसा, स्टेजवरून फॉर्म वाचून दाखवतात, "वर्ण गव्हाळ, उंची पाच एक, पोटजात अमुक". मुलगा अंध, मुलगी अंध, आणि मुलगा बहिणीच्या कानात विचारतो, खरंच गव्हाळ आहे का सावळी आहे बघून सांग. मी स्वतः विचारलंय. माझी बायको हे वाचेल, तिला माहितीय, तिने पण तिच्या भावाला विचारलं होतं.

आता तुमच्या मुद्द्याचं. चारेक वर्षांपूर्वी कॅम्पात एका माणसाने मला दोन रस्ते ओलांडून दिले, इंग्रजीत बोलत होता, आवाज भारदस्त, बाहेरच्या देशातला आहे एवढं कळलं, गप्पा मारल्या मस्त, फुटबॉलवर. तो गेल्यावर ओळखीचा दुकानदार म्हणाला, "अहो कोणाबरोबर आलात, निग्रो होता तो, पाकीट बघा." आणि मी पाकीट बघितलं. पाकीट होतं जागेवर. पण बघितलं हे खरंय. तोपर्यंत तो माणूस माझ्यासाठी फक्त एक चांगला आवाज होता, आणि एका वाक्यात त्याचं काय झालं बघा. तो गोरा जर्मन निघाला असता तर मी खिसा चाचपला असता का?

म्हणून ताई, तुमच्या पोराने बरोबर पकडलंय. आवाज खाली जाणं. आमची अख्खी शाळा तीच आहे, आम्ही माणसं काय बोलतात यापेक्षा कुठे थांबतात, कुठे कुजबुजतात, कुठे विषय बदलतात हे ऐकतो. नाही सांगितलंत तर तो शिकणार नाही असं समजू नका, तो आजीकडून शिकेल, गाडीवाल्याकडून शिकेल.

चष्मिष्ट_बे_एरिया
वर पांढरीकाठी यांनी जे लिहिलंय त्यावर इकडे बराच अभ्यास झालाय. ओसागी ओबासोगी म्हणून कायद्याचे प्राध्यापक आहेत कॅलिफोर्नियात, स्वतः कृष्णवर्णीय, त्यांनी जन्मापासून अंध असलेल्या शंभराहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या मते रेस (काळा, गोरा वगैरे) म्हणजे काय. आपल्याला वाटेल की आवाज सांगतील, बोलण्याची ढब सांगतील. तर बहुतेकांनी सांगितलं त्वचेचा रंग, चेहऱ्याची ठेवण. म्हणजे जे त्यांनी कधी पाहिलं नाही तेच. आणि का, तर लहानपणापासून आईवडील, शेजारी, मित्र त्यांना सांगत आले, शिकवत आले, याच्याशी खेळू नकोस, तिच्याशी फिरू नकोस. त्यांचा निष्कर्ष अंधांपेक्षा डोळसांबद्दलच जास्त आहे, की आपल्याला वाटतं रेस डोळ्यांना आपोआप दिसते, पण काय बघायचं हेच आपल्याला शिकवलेलं असतं. २०१४ च्या आसपास हे प्रसिद्ध झालं.

याला जोडून एक गंमत. जॉन्स हॉपकिन्समधे काही वर्षांपूर्वी जन्मांध आणि डोळस लोकांना प्राण्यांबद्दल विचारलं होतं, आकार, अंगावरची कातडी-पिसं, रंग. आकारात आणि कातडीत दोघांची उत्तरं बऱ्यापैकी जुळली, रंगात सगळ्यात कमी. खरं तर रंग हीच गोष्ट शब्दांत सांगायला सगळ्यात सोपी, एक शब्द पुरतो. तरी प्राण्याचा रंग लक्षात राहत नाही आणि माणसाचा राहतो! कारण माझ्या मते (हे माझं मत, त्या लोकांचं नाही) हत्तीच्या रंगावरून कुणी तुम्हाला दटावत नाही.

बाकी 'रेस' ला मराठीत धड शब्द नाही हेही जाणवलं लिहिताना. वंश म्हटलं की कुलदैवत आठवतं आणि वर्ण म्हटलं तर दुसरीच भानगड सुरू होते.

कोल्हापुरी_चप्पल
आवाजावरून कळतंच की पण. मी डॅलसला कॉल सेंटरचं काम बघतो, आमच्याकडे फोनवर पहिल्या दोन शब्दांत एजंट ओळखतात समोरचा काळा आहे का मेक्सिकन आहे का आपला आहे. त्यामुळे अंध माणसाला कळत नाही हे चूक आणि शिकवावं लागतं हेही चूक, कान आहेत ना.

चष्मिष्ट_बे_एरिया
@कोल्हापुरी, कळतं, बरोबर आहे. १९९९ चा प्रसिद्ध प्रयोगच आहे जॉन बॉ आणि सहकाऱ्यांचा, इथलाच, बे एरियातला (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा). बॉ स्वतः कृष्णवर्णीय, भाषाशास्त्रज्ञ. एकच माणूस घरमालकांना फोन करून भाड्याचं घर विचारतो, एकदा गोऱ्यांच्या साध्या इंग्रजीत, एकदा कृष्णवर्णीयांच्या ढबीत, एकदा मेक्सिकन ढबीत. गोऱ्या वस्तीत ढब बदलली की घर बघायला या म्हणणारे कमी होतात. नुसत्या 'हॅलो' वरून सुद्धा बरेच लोक ओळखतात असंही त्यात होतं. पण गंमत अशी की ओळखल्यावर घर द्यायचं नाही हे कान सांगत नाही, ते दुसरीकडून येतं.

आणि त्या सरांचा "बातम्यांसारखा" आवाज म्हणजे हेच की. त्या माणसाला माहितीय कुठल्या आवाजात बोललं की गाडीवाला निघून जाईल.

टारहील_काका
मेथीपराठा, तुम्ही रॅलीला आहात म्हणून लिहितो, मी १९८८ पासून याच भागात आहे, आता रिटायर्ड. तुमच्या गावाचीच गोष्ट आहे, आपल्या लोकांना सहसा माहीत नसते.

रॅलीत मूकबधिर मुलांसाठी सरकारी शाळा सुरू झाली १८४५ साली, गोऱ्या मुलांसाठी, अंध मुलं पुढे घ्यायला लागले. यादवी युद्ध संपल्यावर १८६९ साली काळ्या मूकबधिर आणि अंध मुलांसाठी वेगळी शाखा निघाली, तीसुद्धा रॅलीतच, देशातली पहिली अशी. मग पुढे जवळजवळ शंभर वर्षं ही मुलं वेगळी. आता विचार करा, मुलांना दिसत नाही, शेजारी बसलेला कोण आहे ते कळत नाही, पण इमारती दोन. कोण सांभाळत होतं हे सगळं? डोळस मास्तर आणि डोळस अधिकारी. दक्षिणेत बहुतेक राज्यांत हेच. रे चार्ल्स तुम्ही ऐकला असेल, सातव्या वर्षी दृष्टी गेली, तो १९३७ पासून फ्लोरिडात सेंट ऑगस्टिनच्या अंध-बधिर शाळेत होता, तिथेही काळे एकीकडे गोरे एकीकडे. अलाबामात टॅलडेगाला काळ्या अंध मुलांची वेगळी शाळा होती, तिथल्याच पोरांनी १९३९ मधे गाण्याचा ग्रुप काढला, तो पुढे 'ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा' म्हणून जगभर गाजला. ही अंध मंडळी गाणी म्हणत दक्षिणेत फिरायची तेव्हा पाटी वाचता येत नसली तरी कुठल्या हॉटेलात शिरायचं नाही, कुठला नळ आपला नाही हे माहीत असणं भाग होतं. नाही माहीत म्हणून सुटका नव्हती.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. आयझॅक वुडर्ड. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला सार्जंट, काळा. १२ फेब्रुवारी १९४६. त्याच दिवशी जॉर्जियात सैन्यातून सन्मानाने मोकळा झाला, अंगावर युनिफॉर्म, बसने घरी निघाला. वाटेत लघवीला जायला गाडी थांबवा म्हणाला, ड्रायव्हर वसकन अंगावर आला, याने त्याच सुरात उत्तर दिलं. एवढंच. साउथ कॅरोलिनात बेट्सबर्गला बस थांबवून पोलिसांच्या हवाली केला आणि तिथल्या पोलिस प्रमुखाने दांडक्याने मारून मारून त्याचे दोन्ही डोळे फोडले. खटला झाला, सगळे ज्युरी गोरे, अर्ध्या तासाच्या आत निर्दोष. हे प्रकरण राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या कानावर गेलं, तो हादरला, आणि जुलै १९४८ मधे सैन्यातला रंगभेद संपवायचा हुकूम निघाला त्याच्यामागे जी कारणं होती त्यात हे एक मोठं. वुडर्ड १९९२ पर्यंत जगला, न्यूयॉर्कमधे. जवळपास सेहेचाळीस वर्षं अंध. त्याला जाऊन कुणी म्हणावं, तू नशीबवान, तुला आता रंग दिसत नाही!

सुखी माणूस, राग मानू नका, तुमच्यावर नाही.

बागुलबुवा
काका जबरदस्त माहिती. पण खरं सांगू का, ९ वर्षांचं पोर आहे, त्याला हे सगळं कशाला? अमेरिकेत आल्यावर प्रत्येक गोष्टीत रेस शोधायची फॅशन झालीय. आजी आहेत, जुन्या वळणाच्या, बोलल्या, सोडून द्या. आम्ही लहानपणी असलं किती ऐकलं, काय झालं?

पांढरीकाठी_पुणे
काय झालं ते वर लिहिलंय, पाकीट चाचपलं.

चष्मिष्ट_बे_एरिया
@बागुलबुवा, शोधायची गरज नाही, फॉर्मवर छापलेली असते. आणि आपली तर काय भारीच. या देशाच्या जनगणनेत १९२०, ३० आणि ४० ला भारतीयांची रेस लिहायचे 'हिंदू', मग शीख असो मुसलमान असो. १९७० ला आपण चक्क गोरे झालो. १९८० ला 'एशियन इंडियन'. माणसं तीच! १९२३ ला भगतसिंग थिंड म्हणून एक शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, सुप्रीम कोर्टात सांगत होता की मानववंशशास्त्रानुसार मी कॉकेशियन, तर कोर्ट म्हणालं असशील, पण साध्या माणसाच्या समजुतीप्रमाणे तू गोरा नाहीस, नागरिकत्व मिळणार नाही.

आणि डोळ्यांवर फार भरवसा असणाऱ्यांसाठी होमर प्लेसीची केस. १८९२, न्यू ऑर्लीन्स. आठपैकी सात पणजी-पणजोबा गोरे, दिसायला इतका गोरा की गोऱ्यांच्या डब्यात बसला तर कंडक्टरला कळलंच नसतं, त्याला स्वतःहून सांगावं लागलं की मी काळ्यांत मोडतो, मग अटक. मुद्दाम ठरवूनच केलं होतं, आगगाडीत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे ठेवणाऱ्या कायद्याला आव्हान द्यायला. म्हणजे डोळस कंडक्टरलाही ते ऐकूनच कळलं. तो खटला तो हरला १८९६ ला, पण विरोधात गेलेल्या एकाच न्यायाधीशाने लिहिलं की आमची राज्यघटना 'कलर-ब्लाइंड' (रंग न बघणारी) आहे. तेव्हापासून इकडे जो तो तो शब्द वापरतो, आंधळेपण म्हणजे न्याय असल्यासारखा, आणि आंधळ्यांना कुणी विचारत नाही.

अनघा_टीव्हीआय
मी न्यू जर्सीत दृष्टिहीन मुलांची शिक्षिका आहे, बारा वर्षं झाली. ताई, अगदी प्रॅक्टिकल सांगते.

एक तर "सगळे सारखेच असतात" असं सांगू नका. तो ऐकतो आहे की सारखं वागवत नाहीत, मग त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो, त्याच्या स्वतःच्या कानांवर तर जाणार नाही. रंग म्हणजे काय हे त्याला जेवढं कळायचं तेवढं कळू द्या, मेलॅनिन (त्वचेतलं रंगद्रव्य), ऊन, आईबाबांकडून येतं, आणि त्याचा स्वतःचा रंग काय आहे हे पण सांगा! मुलांना सरांचा रंग सांगतात आणि त्यांचा स्वतःचा सांगायचं राहूनच जातं. माझा एक विद्यार्थी तेरा वर्षांपर्यंत स्वतःला गोरा समजत होता, घरी इंग्लिश बोलतो म्हणून, शाळेतल्या कुणीतरी सांगितलं बसमधे, वाईट पद्धतीने. रंग समजावायला केस, कापड असलं काही हातात द्यायची गडबड करू नका, माणसं म्हणजे वस्तू नव्हेत हात लावून बघायला.

दुसरं, त्याने पकडलेलं खरं आहे हे मान्य करा. आजीचा आवाज खाली गेला कारण आजीला तसं शिकवलंय आणि ते चूक आहे हे तिलाही कुठेतरी माहितीय म्हणूनच खाली गेला. हे वाक्य त्याला झेपतं.

आणि सरांना सांगा की त्याच्या लक्षात आलं होतं. मोबिलिटीचे लोक याचा विचार करून असतात, आमच्या एका सहकाऱ्याने तर याचसाठी गळ्यात ओळखपत्र आणि अंगात भडक जॅकेट घालायला सुरुवात केली, उन्हाळ्यात पण.

मेथीपराठा
सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही. बरंच झालंय मधे.

अनघाताई, तुमचं वाचून मी त्याला रविवारी सांगितलं, तुझा रंग ब्राउन आहे. तर म्हणाला सरांपेक्षा जास्त का कमी. मी म्हटलं कमी. मग आजीपेक्षा? मी म्हटलं जास्त, आजी गोरी आहे. म्हणाला, मग आजी माझ्याबद्दल पण हळू आवाजात बोलते का. आणि आई (सासूबाई) तिथेच भाजी निवडत होत्या.

त्या काही बोलल्या नाहीत. उठून खोलीत गेल्या. मला वाटलं आता रुसल्या, नवरा पण मला बोलला की आईसमोर कशाला काढलास विषय. दोन दिवस घरात थंड. काल सर आले तेव्हा आई बाहेरच आल्या नाहीत, म्हणजे अजून काही जमलेलं नाही, उगाच गोड गोड सांगत नाही. पण त्यांनी मला आज विचारलं की त्या माणसाला चहा चालतो का आपल्यासारखा. मी म्हटलं विचारा तुम्हीच, इंग्लिश येत नाही म्हणाल्या. पोरगा म्हणाला मी सांगेन ट्रान्सलेट करून.

सरांना मी फोन केला. त्या गाडीवाल्याबद्दल बोलले. ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले मला वाटलं होतं त्याला कळलं नसेल. हे बोलताना मात्र त्यांचा नेहमीचाच आवाज होता.

टारहील काका, त्या १८६९ च्या शाळेची जागा रॅलीत नक्की कुठे होती, एकदा त्याला घेऊन जायचंय.

पांढरीकाठी_पुणे
ताई, पोराला मराठी ब्रेल येतं का? ठिपके तेच सहा, थोडं वेगळं आहे पण इंग्लिश येत असेल तर महिनाभरात येईल. पत्ता व्यक्तिगत मेसेजमधे टाका, मी त्याला पत्र पाठवतो. पोस्टाला अंधांच्या ब्रेल पत्राला तिकीट लागत नाही, तेवढा एक फायदा आहे आम्हाला.